गाईनं खाल्लेली गव्हाण

माझ्या घरमालकांइतकं खिळ्याशी वैर धरलेला माणूस अख्ख्या पुण्यात सापडणार नाही. त्यांची आधीची गाय चाऱ्यातून खिळा पोटात जाऊन दगावली होती. तेव्हापासून आम्हा भाडेकरूंना भिंतीवर कॅलेंडर टांगायलाही बंदी होती. रोज सकाळी ते दोरीला बांधलेलं लोहचुंबक गवतावरून असं फिरवत, की गवताची दृष्टच काढतायत असं वाटावं.

कोथरूडमधल्या त्यांच्या शेतांवर कधीच इमारती उभ्या राहिल्या होत्या. उरलं होतं एक बैठं घर, शेजारी आमच्या खोल्या आणि अंगणात एक तांबडी गाय. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजची पायरी चढलं नव्हतं. तालुक्याच्या गावाहून आलेल्या मला खोली देताना त्यांनी एकच प्रश्न विचारला, "घरी गाय हाय का?" "शेळ्या आहेत," म्हटलं. "चालंल," म्हणाले. त्या एका शब्दावर माझं शिक्षण पार पडलं.

तांबडी मोठी उधळी. गवत ओढायची, निम्मं पायाखाली तुडवायची आणि उरलेलं वाऱ्यानं शेजारच्या सोसायटीत जायचं. मग चेअरमन फाटकाशी हजर. "अहो, आपल्या गाईला सांगा, आमच्या गाड्या शाकाहारी असल्या तरी गवत खात नाहीत." मालकही ऐकून घेणारे नव्हते. "गाड्या हलवा. आमी आधीपासून हाय हितं." शेवटी मालकांचा मुलगा वैतागला. "आप्पा, आता एक काडी जरी तिकडं गेली, तर तांबडी ताईच्या सासरी, खडकवासल्याच्या पलीकडं."

मालक दोन दिवस अंगणात काडीनं आराखडे काढत राहिले. मग बांबू घेऊन बसले. भिंतीला टेकवलेल्या शिडीसारखी गव्हाण. मागं गवत भरायचं, गाईनं दांड्यांमधून घासाघासानं ओढायचं. खिळा अर्थातच वर्ज्य, तारही नाही. म्हणून सगळे सांधे केळीच्या खोडाच्या ओल्या सोपटाच्या पट्ट्यांनी आवळले. "वाळलं की लोखंडाच्या वर घट्ट," असं आम्हाला ऐकवून ते जेवायला गेले. तेवढ्यात तांबडीनं गवताला तोंडही न लावता एकेक गाठ चवीनं खाल्ली. गव्हाण कोसळली, आणि गवताचा भारा वाऱ्यावर स्वार होऊन थेट चेअरमनांच्या गाडीवर उतरला.

मुलानं टेम्पोवाल्याला फोन लावला. मालक एवढंच म्हणाले, "उद्या सकाळपतुर थांब." ती सगळी दुपार ते बाभळीच्या खुंट्या तासत बसले. दांड्यांना भोकं पाडून त्या ठोकल्या आणि संध्याकाळी गव्हाण पुन्हा उभी राहिली. तांबडीनं खुंट्या चाटून पाहिल्या, नाराजीनं फुरफुरली आणि मुकाट गवत खाऊ लागली. सकाळी टेम्पो रिकामा परत गेला.

त्यानंतर एकही काडी उडाली नाही. चेअरमन यायचे थांबले. मी आता नोकरीनिमित्त बिबवेवाडीत राहतो, पण अधूनमधून जातो. मालक थकलेत. तांबडीशेजारी खुर्ची टाकून बसतात. "गाय राहिली बाबा," मागच्या वेळी म्हणाले, "पण आता भांडायलासुदिक कोन येत नाय."

मी फाटकाकडे पाहिलं. मग चष्मा पुसत म्हटलं, "मालक, फाटकाशी गवत पडलंय."

"कुठाय? दाव!" ते ताडकन उठले. पुढं अर्धा तास आम्ही दोघं कडाकडा भांडलो.