तुंगाक्काने ठेवलेला श्वास

डबिंगच्या खोलीत शिरण्याआधी तुंगाक्का अंगावरचं वाजणारं सगळं काढून माझ्या ओंजळीत ठेवायची. बांगड्या, घड्याळ, कानातले झुबे, किल्ल्यांचा जुडगा, पायातली जोडवीसुद्धा. खळ घातलेली साडी ती रेकॉर्डिंगच्या दिवशी नेसतच नसे, कारण तिची सळसळ माइकला कळते. कुणी नव्या मुलीने जोडव्यांवरून भुवया उंचावल्या की म्हणायची, "माइक म्हणजे सासूचा कान ग. सगळं ऐकतो आणि नको तेवढंच लक्षात ठेवतो." मग अनवाणी आत जाऊन ती काचेपलीकडे उभी राहिली की मला वाटायचं, आता हिच्याजवळ आवाजाखेरीज काही उरलेलं नाही.

आमचा स्टुडिओ बंगळूरच्या शिवाजीनगरातल्या एका गल्लीत, गॅरेजांच्या डोक्यावर. मी तिथे ध्वनिमुद्रणाचं काम करते. मिरजेहून लग्न होऊन बंगळूरला आले आणि नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात जिन्यात आईशी फोनवर बोलत होते. मागून आवाज आला, "अय्यो, आमच्यातली की ग तू!" वळून बघते तर जाड भिंगांचा चष्मा लावलेली, साठी ओलांडलेली एक ठेंगणी बाई. आवाज मात्र विशीतल्या मुलीचा. तो मी आदल्याच संध्याकाळी घरमालकिणीच्या टीव्हीवर ऐकला होता. एक देखणी नायिका त्याच आवाजात नवऱ्याला फैलावर घेत होती. मी जिन्यातच बसकण मारली. पंचवीस-तीस वर्षं कानडी पडद्यावरच्या नायिका येत गेल्या, लग्नं करून निघून गेल्या, आवाज ह्या बाईचाच राहिला.

तिचं घराणं पिढ्यान्‌पिढ्या इथलंच. कुठल्याशा मराठी फौजेबरोबर पूर्वज आले ते परत गेलेच नाहीत. घरी मराठी बोलतात, पण त्यात कानडी अशी मुरलेली, की कुठली कुठं संपते ते त्यांनाही सांगता येणार नाही. 'स्वल्प थांब' म्हणजे जरा थांब, 'सरी, चल' म्हणजे बरं, चल, हे तर झालंच, पण तिचा लाडका शब्द 'सुम्मने', म्हणजे उगीच. तिचा सगळा राग ह्या सुम्मनेवर. "सुम्मने रडू नये ग. पडद्यावरची बाई रडते तेव्हा डोळ्यांतलं पाणी लोकांना दिसतंच. मी आणखी आवाजात कशाला रडू? बादलीला गळती लागल्यासारखं होतं." तिच्यासमोर उसासे टाकणाऱ्या नव्या मुलींची ती अशी नक्कल करायची, की त्या पोरीही पोट धरून हसायच्या.

असं असताना विनय नावाचा तरुण दिग्दर्शक तिच्याकडे यंत्रमानवाची भूमिका घेऊन आला. त्याचा सिनेमा विज्ञानकथेचा. बायको गेलेल्या एका तिरसट म्हाताऱ्याच्या घरी घरकामाला एक यंत्र येतं. म्हातारा त्याला धड नावानेही हाक मारत नाही. यंत्र त्याची औषधं बघतं, भांडणं ऐकतं, कॉफी करतं आणि हळूहळू त्या यंत्रात काहीतरी बदलतं. काय बदलतं ते कुणालाच सांगता येत नाही. शेवटी कंपनी ते जुनं मॉडेल परत न्यायला येते. विनयचा बेत असा, की तुंगाक्काने नेहमीसारखं बोलावं आणि नंतर संगणकावर त्या आवाजाला यंत्राचा मुलामा द्यावा.

"मुलामा कशाला?" तुंगाक्काने विचारलं. "यंत्र मी होते की. तू फक्त मला एक यंत्र दाखव, आवाजाचं नको, हातापायांचं."

माझा नवरा होसकोट्याच्या एका कारखान्यात आहे. तिथे वेल्डिंगला यांत्रिक हात आहेत. त्याने परवानगी काढली आणि आम्ही तिला घेऊन गेलो. डोक्यावर पिवळं हेल्मेट, साडीवर निऑन रंगाचं जाकीट, अशा अवतारात तुंगाक्का त्या हातासमोर उभी राहिली. पाहुणे दोन मिनिटं बघतात आणि फोटो काढतात. ही हलेचना. आम्ही चहा पिऊन आलो तरी तिथेच. परतताना गाडीत म्हणाली, "खाली यायच्या आधी स्वल्प थांबतो बघ तो. काहीच नसतं त्या थांबण्यात. राग नाही, आळस नाही, विचार नाही. अय्यो, केवढं स्वच्छ थांबणं! माणसाला कसं जमावं?" एखादं देवस्थान बघून आल्यासारखा तिचा चेहरा झाला होता. मी रोज आवाजात बुडालेली बाई, पण आवाजाच्या मधल्या जागेकडे इतक्या भक्तीने बघणारं माणूस मी पहिल्यांदाच बघत होते.

तिला ते जमलं. त्यासाठी ती श्वास चोरायला शिकली. माणूस बोलण्याआधी श्वास घेतो आणि तो मुद्रणात ऐकू येतो. यंत्राच्या तोंडी तो शोभत नाही म्हणून मी तो नंतर कापणार होते. पण तिने मला कापायला काही ठेवलंच नाही. मान किंचित बाजूला करून, तोंड न उघडता ती कधी हवा आत घ्यायची ते काचेतून टक लावूनही मला दिसत नसे. वाक्य शून्यातून सुरू व्हायचं आणि शून्यात संपायचं. आवाज तिचाच, पण आत घरधनी नाही.

तिचं घर जयनगरला. घरी ती आणि तिचे यजमान, ज्यांना आम्ही अण्णा म्हणतो. अण्णांची दृष्टी काचबिंदूने बऱ्याच वर्षांपूर्वी गेली. तुंगाक्का त्यांना पेपर वाचून दाखवते, रस्त्यावरून कोण चाललंय ते सांगते, ताटात कोशिंबीर कुठे आणि भात कुठे ते सांगते. ती घरभर बोलत फिरते आणि खुर्चीतल्या अण्णांचा चेहरा सूर्यफुलासारखा तिच्यामागे फिरतो. ती घरी यंत्राची तालीम करायला लागली तेव्हा मात्र अण्णा वैतागले. मला म्हणाले, "ही कुठली बाई आणलीय घरात? तुंगा, ती दुसरी गेली की मला हाक मार." तुंगाक्का खुशीने लाल झाली. "बघितलंस? ह्यांना ओळखू येईना. म्हणजे जमलं की ग."

सिनेमा अर्ध्यावर आला आणि तिचा घसा बसला. सर्दी असेल म्हणून तिने काढे घेतले, मीठपाण्याच्या गुळण्या केल्या. मग तपासण्या झाल्या. एका दुपारी ती स्टुडिओत आली, झुबे न काढताच बाकावर बसली आणि भाजीचा भाव सांगावा तशी म्हणाली, "गाठ वाईट आहे. स्वरयंत्रच काढणार म्हणतात. जीव राहील, आवाज नाही."

विनयला रडू फुटलं. मला अण्णांखेरीज काही सुचेना. आवाज गेलेली बाई पाटीवर लिहून जगाशी बोलेल, पण अण्णांना पाटी दिसणार कशी? डॉक्टरांनी शस्त्रक्रियेपर्यंत शक्य तितकं गप्प राहायला सांगितलं होतं. जो काही आवाज शिल्लक होता, तो तिने माइकला द्यावा की घराला, एवढाच प्रश्न होता. विनय म्हणाला, "अक्का, सिनेमा राहू दे. मी दुसरं काहीतरी करेन." तो मनापासून म्हणाला. निर्णय अण्णांनी दिला. मी त्या दिवशी जयनगरलाच होते. ते म्हणाले, "घरातलं तुझं सगळं बोलणं मी ऐकलंय, तुंगा. बाहेरच्यांचं स्वल्प राहिलंय. ते संपवून ये."

शेवटचा प्रसंग असा: कंपनीची माणसं दाराशी उभी आहेत. म्हातारा पाठ फिरवून खिडकीशी बसलाय, निरोप घ्यायलाही वळत नाही. विनयने आधी यंत्राला भलंमोठं भाषण दिलं होतं. होसकोट्याची हकीगत ऐकल्यावर त्याने ते स्वतःच खोडलं आणि एकच वाक्य ठेवलं: "कॉफी झाकून ठेवलीय, गार होईल." हे वाक्य कसं म्हणायचं ते त्याला माहीत नव्हतं, तसं तो प्रामाणिकपणे म्हणालाही.

तुंगाक्काने बांगड्या, झुबे, जोडवी माझ्या हातात दिली. खाली गॅरेजवाल्यांना आमच्या पोऱ्याने सांगून ठेवलं होतं, त्यांनी हातोडे थांबवले. पहिल्यांदा तिने वाक्य यंत्रासारखं म्हटलं. निर्दोष, पण ते कोरडं वाटलं. दुसऱ्यांदा आवाजात जरा ओल आणली. तिने स्वतःच मान हलवली, म्हणाली, "सुम्मने." मग ती बराच वेळ पडद्याकडे, म्हाताऱ्याच्या त्या पाठीकडे बघत राहिली. तिसऱ्या वेळी तिने बोलण्याआधी श्वास घेतला. उघड, ऐकू येईल असा, कुणाला काही सांगायचं असतं आणि सांगवत नाही तेव्हा आपण घेतो तसा. मग तेच वाक्य, तितकंच सपाट.

माझा हात सवयीने श्वास कापायला गेला. काचेपलीकडून तिने तळवा उंचावला. "ठेव."

संपूर्ण सिनेमाभर श्वास न घेतलेल्या यंत्राने एकदा श्वास घेतला. फुफ्फुसं नसताना. म्हाताऱ्याच्या शेजारी राहून राहून ते तेवढंच शिकलं होतं. विनयने हेडफोन काढून मांडीवर ठेवले. इतकी वर्षं मी रोज श्वास कापून कचऱ्यात टाकत आलेय, आणि ह्या बाईने त्या कचऱ्यातला एक उचलून त्याच्यात जीव ठेवून दाखवला. मी तिला नमस्कार केला तर म्हणाली, "झुबे दे आधी."

शस्त्रक्रिया नीट झाली. आता ती नाकाने श्वास घेत नाही, गळ्याला छिद्र आहे, त्यावर पातळ रुमाल असतो. विनयने तिच्या जुन्या मुद्रणांवरून संगणकावर तिचा आवाज तयार करवून घेतला. फोनवर टाइप केलं की फोन तिच्या आवाजात बोलतो. अगदी हुबेहूब. आम्ही मोठ्या उत्साहाने तो घेऊन गेलो. तुंगाक्काने फोन टेबलावर ठेवून टाइप केलं आणि फोन म्हणाला, "अहो, जेवायला वाढू?" अण्णांचा चेहरा उजळला आणि टेबलाकडे वळला. तुंगाक्का त्यांच्या दुसऱ्या बाजूला उभी होती. ती बघत राहिली. अण्णा टेबलाकडे तोंड करून हसत होते, हात पुढे करून चाचपत होते. हाताला फोन लागला आणि ते गोंधळले. "तुंगा, तू कुठं आहेस?"

तिने फोन उचलून बंद केला. इस्पितळातून तिला आणखी एक यंत्र दिलं होतं, विजेरीएवढं, गळ्याशी टेकवून ओठ हलवायचे म्हणजे घरघरत्या, एकसुरी आवाजात शब्द उमटतात. तोवर तिने त्याला हात लावला नव्हता. तीस वर्षं नायिकांना बोलतं करणाऱ्या बाईने असल्या आवाजात बोलावं? त्या दिवशी तिने ते कपाटातून काढलं, अण्णांच्या अगदी जवळ गेली आणि ते यंत्र भुंग्यासारखं घुमलं, "इथं."

अण्णा दचकले, मग वळले. हात पुढे करून त्यांनी तिचा खांदा धरला. "सरी," ते म्हणाले, "वाढ." तेव्हापासून घरात तोच आवाज फिरतो आणि अण्णांचा चेहरा त्याच्यामागे. आवाज आवडतो असं मात्र त्यांनी कधी म्हटलं नाही. जुना आवाज हवासा वाटतो असंही नाही. तो विषयच त्या घरात कुणी काढत नाही.

सिनेमा लागला तेव्हा आम्ही चौघं जयनगरच्या थिएटरात गेलो. मधल्या खुर्च्यांवर अण्णा आणि तुंगाक्का, कडेला मी आणि विनय. यंत्र बोलायला लागलं. अण्णा समोर तोंड करून शांतपणे ऐकत होते, परक्या बाईचं ऐकावं तसं. मध्येच माझ्याकडे झुकून कौतुकाने म्हणाले, "चांगली बोलते ही." तुंगाक्काच्या गळ्यावरचा रुमाल हसण्याने हलला. मला मात्र ते ऐकवेना. तिने राखून ठेवलेला सगळा आवाज ह्या सिनेमात ओतला होता, आणि ज्याच्या वाट्याचा तो होता त्यालाच ओळखू येत नव्हता.

शेवटचा प्रसंग आला. दाराशी यंत्र, खिडकीशी म्हाताऱ्याची पाठ. सभागृहात चिडीचूप. आणि पडद्यावरून श्वास ऐकू आला. एकही शब्द अजून उच्चारलेला नव्हता.

समोर बघत बसलेले अण्णा गर्रकन वळले, पडद्याकडे नाही, शेजारच्या खुर्चीकडे. "काय ग?" त्यांनी हळूच विचारलं, ती काही बोलणार आहे असं समजून.