साचा फोडणारे सासरे

जावयाने सासऱ्यांना पहिल्यांदा पाहिलं ते आ वासूनच. मुलगी मागायला आलेल्या माणसाला निदान 'बसा' तरी म्हणतात. या गृहस्थांनी त्याला खिडकीपाशी उभं केलं, बॅटरी पेटवली आणि ते थेट त्याच्या घशात उतरले. बराच वेळ आतच होते. बाहेर येऊन बायकोला म्हणाले, "अक्कलदाढ वाकडी आहे. बाकी मुलगा सरळ दिसतो."

लग्न ठरलं.

सासरे कवळ्या बनवत. अर्ध्या गावाचं हसू त्यांच्या हातचं होतं. धंद्यात त्यांचा एकच नियम: कवळी तयार झाली की प्लास्टरचा साचा फोडायचा. "माल हातात आला की साचा म्हणजे अडगळ," असं ते म्हणत, आणि हा नियम घरभर लावत.

त्यांच्याकडे एक म्हातारा कॉम्प्युटर होता. त्यावर वर्षानुवर्षं खपून त्यांनी तीन अंकी नाटक लिहिलं होतं. रविवारी नाट्यमंडळापुढे वाचन ठरलं होतं. आयुष्यभर दुसऱ्यांची तोंडं चालती केलेल्या माणसाला आता आपलंही कुणी ऐकावं, एवढीच हौस होती.

छापायला बसले तर प्रिंटरची शाईची फीत वाळलेली. मग कुणीतरी शिकवल्याप्रमाणे त्यांनी 'प्रिंट टू फाईल'वर खूण केली. नवी फीत आली की तीच फाईल प्रिंटरकडे धाडायची, छपाई तयारच.

इकडे जावयाला प्रेमाचा उमाळा आला. शनिवारी सकाळी तो चकचकीत नवा प्रिंटर घेऊन हजर झाला आणि जुना परस्पर भंगारवाल्याला देऊन मोकळा झाला.

"हं, पाठवा फाईल," तो म्हणाला.

नवा प्रिंटर गुरगुरला आणि कागदामागून कागद ओकू लागला. सगळ्यांवर नुसते बाण, चौकोन आणि तुटक्या रेघा. सासूबाईंनी एक उचलून नाकाशी धरला.

"हा पहिला अंक का हो?"

"ती फाईल जुन्या प्रिंटरलाच कळते," जावई म्हणाला. "असू दे. मूळ नाटक उघडा, पुन्हा छापू."

"कुठलं मूळ?"

"तुम्ही टाईप केलेलं."

"ते पुसलं. छपाई तयार होती ना. माल हातात आला, साचा फोडला."

जावयाची दातखीळ बसली. सासऱ्यांचा चेहरा त्यांच्याच प्लास्टरसारखा पांढरा पडत गेला.

"आणि जुना प्रिंटर?" त्यांनी हळूच विचारलं.

जावई भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहू लागला. मग भंगारवाल्याकडे धावला. तिथे प्रिंटरचे दात वेगळे आणि हिरड्या वेगळ्या झाल्या होत्या.

शुद्धीवर होत्या त्या एकट्या सासूबाई. "तुमच्या दातांच्या डॉक्टरकडे तसलंच एक छपाईचं यंत्र किंचाळतं ना? मी दाढेपेक्षा त्यालाच घाबरले होते."

तिघं त्या फाईलची फ्लॉपी घेऊन दवाखान्यात पोचले. प्रिंटरने असा टाहो फोडला की गाल धरून बसलेला एक पेशंट उठून घरी गेला. पण कागदावर अक्षरं उमटली: 'अंक पहिला. पडदा उघडतो.' सासरे प्रत्येक पान निघेल तसं दोन्ही हातांनी घेत राहिले.

शेवटचं पान हाती येताच त्यांनी फ्लॉपी मोडायला घेतली. जावयाने ती हिसकावून खिशात घातली.

रविवारी वाचन झालं. मंडळाने सगळं शेवटपर्यंत ऐकलं, आणि दुसऱ्याच कुणाचं तरी नाटक बसवलं.