संघप्रियाचा पगार

संघप्रियाने कॉलेजात एकच गोष्ट विचारली नाही, आणि नेमकी तीच विचारायला हवी होती. एरवी ही पोरगी वर्गात मास्तरांना घाम फोडणारी. पण बी.एस्सी.च्या तिसऱ्या वर्षाला चनमल्लप्पा सरांनी तिला बोलावून "माझ्या प्रोजेक्टवर काम करतेस का?" असं विचारलं, तेव्हा तिने "हो सर" म्हटलं आणि पुढचं विचारायला तिची जीभ रेटली नाही. ज्यांनी शिकवलं त्यांच्याकडे पैशाचा विषय काढायचा कसा? शिवाय नोटीस बोर्डावर सरांच्या प्रोजेक्टला अनुदान मंजूर झाल्याचा कागद लागलेला होता. अनुदान आलं म्हणजे राबणाऱ्याला त्यातलं काहीतरी मिळणारच, असं ती धरून चालली आणि घरी आईला सांगून मोकळी झाली की मला कॉलेजात पगार सुरू होणार.

काम ज्वारीचं होतं. खारट पाण्यात कुठलं वाण तग धरतं ते बघायचं. काचेच्या बशीत ओला कागद, त्यावर पंचवीस दाणे, अशा चाळीस बश्या; एका वाणाची खेप संपली की पुढच्या वाणाची. रोज सकाळी नऊला आणि संध्याकाळी पाचला मोड आलेले दाणे मोजायचे, मुळांना दोरा लावून पट्टीवर लांबी घ्यायची. दाण्यांना रविवार कळत नाही, त्यामुळे संघप्रियालाही रविवार उरला नाही. जुळे सोलापुरात एका साहेबांच्या दोन मुलांची शिकवणी ती घ्यायची, वेळ संध्याकाळी पाचचीच. ती तिने सोडली. त्यांनी दुसऱ्या आठवड्यातच दुसरी बाई ठेवली.

महिना भरला तेव्हा ती ऑफिसात गेली. क्लार्कने फाइल उघडून दाखवली. मानधन होतं, पण ते एम.एस्सी. झालेल्या उमेदवारासाठी. डिग्रीच्या मुलांना सर्टिफिकेट. ती सरांकडे गेली. सर वाईट माणूस नव्हते, हीच तर पंचाईत. त्यांनी चहा मागवला, शोधनिबंधात तुझं नाव घालू म्हणाले, पुण्याला एम.एस्सी.साठी शिफारसपत्रही देऊ म्हणाले, सगळी रीडिंग्ज पूर्ण झाली की. मधेच सोडलंस तर मात्र तुझंही वर्ष वाया आणि ज्वारीचंही, हे त्यांनी हसून सांगितलं. संघप्रियाही हसली. दार लोटून बाहेर आल्यावर तिच्या लक्षात आलं की पुढे जायला वाट नाही आणि मागची शिकवणी तर कधीच गेली.

घरी सांगायचं होतं. पण तोवर आईने करायचं ते करून ठेवलं होतं. मथुराबाई घरी मशीनवर टॉवेलच्या कडा शिवायची, डझनावर पैसे. नवरा पुण्यात वॉचमन, येईल तेव्हा येईल. त्यांच्या गल्लीतल्या विहारात रीत अशी की घरात कमावतं माणूस झालं की त्याच्या कमाईचा विसावा हिस्सा धम्मकार्याला द्यायचा, आणि पहिला हिस्सा देताना रविवारच्या वंदनेनंतर नाव वाचून दाखवायचं. संघप्रिया रविवारी ज्वारीपाशी. आईने शिलाईच्या पैशातून रक्कम भरली आणि लेकीच्या नावाची पावती घेतली. पगार आज ना उद्या होईलच, विहाराचं कशाला थांबवा, हा तिचा विचार. सगळ्या गल्लीने टाळ्या वाजवल्या म्हणे. संध्याकाळी तिने पावती लेकीच्या हातात दिली तेव्हा आईचा चेहरा इतका उजळला होता की संघप्रियाच्या तोंडून खरं निघालंच नाही. कॉलेजातले पगार उशिरा निघतात, एवढंच ती बोलली. आता दर महिन्याला आई पावती फाडत होती आणि ते भरून काढायला दोन डझन टॉवेल जास्त शिवत होती. मशीन थांबेपर्यंत संघप्रियाला पुस्तकातलं अक्षर लागेना. स्वतःची लाज वाटायची, आणि खरं सांगू, आईचाही राग यायचा. कोणी सांगितलं होतं मिरवायला?

चौथ्या महिन्यात विहाराचे सेक्रेटरी धोंडिरामबाबा नातीला घेऊन घरी आले. बुद्धप्रिया बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला, दुपारपासून रात्रीपर्यंत एका मेडिकल दुकानात काउंटरवर उभी राहायची. चनमल्लप्पा सरांनी तिलाही बोलावलं होतं. दुकान सोडावं लागणार, म्हणून धोंडिरामबाबा खात्री करायला आले होते.

"पगार वेळेवर देत्यात न्हवं, बाळ?" त्यांनी विचारलं.

संघप्रियाने आईकडे पाहिलं. मशीन थांबली होती. आई पदर सावरून उत्तराची वाट बघत होती, जणू परीक्षेचा निकाल वाचला जाणार होता.

"देतात की, बाबा," संघप्रिया म्हणाली. "थोडं मागंपुढं होतं."

रात्री तिने ठरवलं की सकाळी बुद्धप्रियाला एकटीला गाठायचं आणि सगळं सांगून टाकायचं. पोरगी दुपारी दुकानात जाते, सकाळी सांगितलं तर काही बिघडत नाही. पण नऊला ती प्रयोगशाळेत पोचली तर बुद्धप्रिया आधीच दाराशी उभी. येतानाच दुकानाच्या शेठला सांगून आले, दुसरी पोरगी बघा म्हणाले, ती आनंदाने सांगत होती. शेठनी लगेच भाचीला बोलावून घेतलंसुद्धा.

संघप्रियाने दार आतून लोटलं आणि एका दमात सगळं सांगितलं. मानधन कोणाला, सर्टिफिकेट कोणाला, पावत्या कुठल्या पैशाच्या. बुद्धप्रिया रडली नाही, भांडलीही नाही. ती भांडली असती तर बरं झालं असतं.

"आजच घरी जाऊन खरं सांग," संघप्रिया म्हणाली. "माझ्यासारखी उद्यावर टाकू नकोस."

"तू सांगितलंस घरी?"

"नाही."

"मग मी कसं सांगू, ताई? आजोबा ऐकतच न्हवते. तुझं नाव घेतलं तवा दुकान सोडू दिलं. आता मी खोटी पडले तर तूबी पडशील, आणि मथुराकाकूबी."

भिंतीवरच्या घड्याळात सव्वानऊ झाले होते. बुद्धप्रियाने दप्तर टेबलाखाली सरकवलं, स्टुलावर बसली आणि पहिली बशी पुढे ओढली.

"मूळ कुठून कुठवर मोजायचं?" तिने विचारलं.

संघप्रियाने दोरा तिच्या बोटात दिला आणि तिचा हात धरून दाखवलं.