जपानी पद्धतीची झाडलोट

शिक्षकाला किस्से शोधावे लागत नाहीत, ते आपोआप साठतात. जपानी शिकवणाऱ्याकडे जरा जास्तच साठतात, आणि चाकणजवळच्या एका खासगी विद्यापीठात जपानी शिकवणाऱ्या बाईकडे तर विचारूच नका. मैत्रिणी म्हणतात, "अगं, तू सांगतेस तेव्हा आम्हाला हसू येतं, मग तू एवढी लाल का होतेस?" लाल होते, कारण त्या चहा पिता पिता ऐकतात आणि मी तिथं रोज कामाला जाते.

तर ऐका. हसायचं तर हसा.

* * *

सुरुवात मुलाखतीपासून. आधी दहाएक वर्षं मी चाकणच्या कंपन्यांत दुभाषी होते. संस्थेच्या अध्यक्षांनी माझी सर्टिफिकेटं बाजूला सारली आणि विचारलं, "भाषा ठीक आहे हो, ती आता मोबाइलवरसुद्धा येते. तुम्ही पोरांना वाकायला शिकवाल का?"

"म्हणजे?"

"जपानी लोक वाकतात ना, तसं. कंपनीवाल्यांना तेच आवडतं. किती वाकायचं असतं?"

मी सांगितलं, ओळखीपाळखीत पंधरा अंश, पाहुण्यांसमोर तीस, आणि माफी मागायची किंवा मनापासून आभार मानायचे तर पंचेचाळीस.

"मग डायरेक्ट पंचेचाळीसच शिकवा. खालचं कशाला?"

मी म्हटलं, "सर, पण समोरचाही वाकतो. ते दोन्ही बाजूंनी असतं."

अध्यक्ष हसले. "समोरच्याचं आपल्याला काय करायचंय?"

खरं तर तिथंच उठायला हवं होतं. पण काळेवाडीत फ्लॅटचा हप्ता चालू असलेली बाई अशी पटकन उठत नाही.

* * *

पहिल्या महिन्यात मुलं 'सान' शिकली. जपानीत माणसाच्या नावामागे 'सान' लावतात, आपण 'राव' किंवा 'ताई' लावतो तसं. मुलांना ते फार आवडलं. घंटा देणारा शिपाई दत्तू एकदम दत्तू-सान झाला. कँटीनवाला अण्णा-सान. आणि एकदा लिफ्टपाशी कुणीतरी अध्यक्षांनाही त्यांच्या नावाला 'सान' लावून हाक मारली.

मला केबिनमध्ये बोलावणं आलं.

"मॅडम, शिपायाला पण सान आणि मला पण सान?"

"हो सर. त्यांच्याकडे दोघांनाही तेच."

"वरचं काही नाही का?"

"सामा आहे. देवाला लावतात, गिऱ्हाइकाला लावतात."

"हां, ते चालेल."

पुढच्या आठवड्यात त्यांच्या नव्या व्हिजिटिंग कार्डावर नावामागे 'सामा' छापून आलं. स्वतःच स्वतःला सामा म्हणवणारा माणूस जपानमध्ये शोधून सापडणार नाही, हे मी त्यांना सांगितलं नाही. विचारलं कुठं होतं त्यांनी?

* * *

मग चपलांचं प्रकरण. माझ्या वर्गात बूट बाहेर काढायचे, असा नियम मी केला. मुलं वर्कशॉपमधून थेट यायची, सेफ्टी शूज घालून. ते काढल्यावर कॉरिडॉरमध्ये जो वास सुटायचा, त्याबद्दल शेजारच्या गणिताच्या सरांनी लेखी तक्रार केली. ती मला मान्य आहे.

पण एक दिवस अध्यक्ष चार माणसांचा लवाजमा घेऊन राउंडला आले आणि बुटांसकट आत शिरायला लागले. दारात आमचा ऋषिकेश उभा होता. लातूरकडचा मुलगा, कुरुळीत तिघांत एक खोली करून राहतो. त्यानं नम्रपणे स्लीपर पुढं केल्या.

अध्यक्ष म्हणाले, "मी फक्त देवळात बूट काढतो."

ऋषिकेश म्हणाला, "सर, देवळातली फरशी आमी बघितली न्हाई. ही मंगलताईनं आत्ताच पुसलीया."

मंगलताई बादली घेऊन तिथंच उभ्या होत्या. एजन्सीमार्फत आमच्या मजल्याची सफाई करायच्या. त्याही कुरुळीच्याच. नवऱ्याची कंपनी बंद पडलेली, घर त्यांच्या एकटीच्या पगारावर. त्या घाईघाईनं म्हणाल्या, "ऱ्हाऊ द्या साहेब, मी परत पुसते."

आणि साहेब गेले की आत. बुटांसकट.

* * *

हा झाडूचा किस्सा मात्र मी सुरू केला. जपानमधल्या शाळांत मुलं आपला वर्ग आपणच झाडतात. मी ठरवलं, संस्कृतीच्या तासाला हे नुसतं सांगायचं नाही, करायचं. पहिल्या दिवशी झाडू आणले, तर मुलांनी ते उचलून मुलींच्या हातात दिले.

"मॅडम, त्यांना येतं."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. सांगितलं, दिवाळीपर्यंत फक्त मुलगे झाडतील.

दुसऱ्याच दिवशी एका वडिलांचा फोन. जवळच्याच गावातलं जुनं घर. "म्याडम, आमी पोरगं इंजिनेर व्हायला धाडलंय, झाडू मारायला न्हाई."

"तुमच्या घरी कोण झाडतं?"

"पोरगी झाडती की."

"तीही शिकते का?"

"व्हय, ती बी इंजिनेरिंगलाच हाय."

मग तेच म्हणाले, "ठेवतो फोन."

वर्गातली झाडलोट मात्र बघण्यासारखी होती. ऋषिकेश ताठ उभा राहून झाडायचा आणि सगळी धूळ स्वतःच्याच अंगावर घ्यायचा. मंगलताई दारातून बघायच्या. चार दिवस त्यांनी सोसलं, पाचव्या दिवशी आत आल्या आणि त्याच्या पाठीवर हात ठेवून म्हणाल्या, "वाक की रं बाळा. वाकल्याशिवाय केर निघत न्हाई."

मी इतके महिने जे वाकणं घोकून घेत होते, ते माझ्या मुलांना पहिल्यांदा त्या दिवशी जमलं.

* * *

एका सोमवारी मंगलताई आल्या नाहीत. मंगळवारीही नाही. सफाईच्या सुपरवायझरला विचारलं, तर तो माझ्याकडेच बघत बसला.

"मॅडम, तुम्हाला माहीत नाही? सर म्हणाले, मुलं जपानी पद्धतीनं करतातच की सफाई. त्या मजल्याचा माणूस कमी केला."

मी जिने चढून थेट केबिनमध्ये गेले. अध्यक्षांनी उठून माझं स्वागत केलं. "या मॅडम! तुम्हाला तर अवॉर्ड द्यायला पाहिजे. बाकीच्या मजल्यांवर पण सुरू करतोय आपण."

मी म्हटलं, "सर, ते लोक माणूस कमी करायला मुलांना झाडायला लावत नाहीत."

"मग कशाला लावतात?"

"दुसऱ्याच्या कामाची लाज वाटू नये म्हणून."

त्यांनी मोबाइलवरून मान वर केली. "वा, छान वाक्य आहे. जपानचे पाहुणे येतायत पुढच्या महिन्यात, तेव्हा बोला."



संध्याकाळी ऋषिकेशला घेऊन कुरुळीला गेले. मंगलताईंनी चहा केला. तक्रार केली नाही, रडल्याही नाहीत. कप हातात देताना एवढंच म्हणाल्या, "म्याडम, तुमी शिकवलं ते चांगलंच हाय. पण माझ्या पोटावर पाय देऊन कशापायी शिकवलं?"



* * *

पाहुणे आले. तिथल्या एका विद्यापीठाशी करार व्हायचा होता, म्हणून गेटपासून हॉलपर्यंत रांगोळ्या आणि फ्लेक्स. फ्लेक्सवर अध्यक्ष हात जोडून. वरून कीर्तन, आतून तमाशा म्हणतात ना, त्यातलं कीर्तन त्या दिवशी होतं. नवे झाडू आणले होते आणि प्रत्येक झाडूला लाल रिबीन बांधली होती. सकाळीच धुऊन काढलेला हॉल मुलांनी पाहुण्यांसमोर पुन्हा झाडायचा, असा कार्यक्रम.

पाहुण्यांच्या प्रमुख ओगावा सेन्सेई. सेन्सेई म्हणजे गुरुजी किंवा बाई. ठेंगणी, साठीची, कमी बोलणारी बाई. त्यांनी ऋषिकेशला जपानीत विचारलं, "इतकं छान झाडायला तुला कुणी शिकवलं?"

त्यांना वाटलं असणार, तो माझं नाव घेईल. तो ताठ उभा राहून म्हणाला, "मंगल-सान."

अध्यक्षांनी मला विचारलं, "कोण मंगल?"

"सर, सफाईच्या ताई."

"हां, हां! सांगा ना त्यांना." आणि माइक घेऊन ते स्वतःच सुरू झाले. "आमच्याकडे सफाईला एक बाई होत्या. आता त्यांची गरज राहिली नाही. आम्ही त्यांना कमी केलं. मुलंच सगळं करतात. हे आम्ही जपानकडून शिकलो." मग माझ्याकडे हात केला, "करा भाषांतर."

कंपन्यांत दुभाषी असताना मी कित्येकांच्या बोलण्यात साखर घातली आहे. साहेब शिवी द्यायचा, मी 'साहेब जरा नाराज आहेत' म्हणायचे. त्या दिवशी साखर संपली होती. ते बोलले तसं, शब्दाला शब्द, मी जपानीत सांगितलं.

ओगावा सेन्सेईंनी विचारलं, "त्या बाई आता कुठे आहेत?"

अध्यक्ष म्हणाले, "घरी. आराम करतायत."

तेही सांगितलं.

बाईंनी झाडूच्या लाल रिबिनीकडे बघितलं. मग म्हणाल्या, "आमच्याकडे शाळेतली मुलं झाडतात. विद्यापीठात आमच्याकडे सफाईचे कर्मचारी आहेत."

हे मी मराठीत जरा मोठ्यानंच सांगितलं.

मग त्यांनी पिशवीतून निळ्या कापडात बांधलेला एक डबा काढला. माझा अंदाज, तो अध्यक्षांसाठीच आणला होता. दोन्ही हातांनी तो त्यांच्याकडे देत त्या म्हणाल्या, "मुलांना शिकवणाऱ्या त्या बाईंना हा तुमच्या हातानं द्या. देतानाचा फोटो पाठवा, आमच्या विद्यार्थ्यांना दाखवीन. फोटो आला की करारावर सही करू."

* * *

दुसऱ्या दिवशी मंगलताईंना आणायला कुरुळीत संस्थेची गाडी गेली. नळावरच्या बायका बघत राहिल्या म्हणे.

पोर्चमध्ये फोटोग्राफर तयार. माझी मुलं जिन्यावर दाटीवाटीनं उभी. अध्यक्षांनी जाकीट सारखं केलं, डबा हातात घेतला आणि मला हळूच विचारलं, "मॅडम, किती अंश?"

"आभार मानायचे तर पंचेचाळीस, सर."

ते वाकले. डबा दोन्ही हातांत पुढं धरला. मंगलताई समोर उभ्या, हात पदराखाली. हात काही बाहेर येईनात.

सुपरवायझर कुजबुजला, "ताई, घ्या ना."

"घेते की," मंगलताई म्हणाल्या. "पर आधी साहेबांनी सांगावं, मी कामाला येऊ का नको?"

जिन्यावर ऋषिकेशनं शेजारच्याचा दंड घट्ट धरलेला मला दिसला.

"या," अध्यक्ष फरशीकडे बघत म्हणाले.

"कवापास्नं?"

"उद्यापासून."

"माझ्याच मजल्यावर?"

"हो, त्याच मजल्यावर."

मंगलताईंनी पदराखालून हात काढले आणि डबा घेतला. दोन्ही हातांनी.

फोटोग्राफरनं कॅमेऱ्यात बघितलं आणि मान हलवली.

"सर, परत एकदा घेऊ या. आणि जरा अजून खाली."