ताईची दुसरी पसंती

संगीताबाईंचा फोन आला तेव्हा मी डबा भरत होते. ताईच्या आजारपणात तिच्याकडे राहायला असलेल्या या बाई एरवी फोनवर भडाभडा बोलतात. त्या सकाळी नुसतं "मॅडम, या तुम्ही" म्हणाल्या आणि फोन ठेवून दिला. मी डब्याचं झाकण लावलं. गॅस बंद केला, पुन्हा एकदा बघितला. मग माझ्या लेकीला, मित्रा तिचं नाव, हाक मारली. माझी मोठी बहीण, खडकीतल्या कितीतरी घरांची डॉक्टरीणबाई, गेली होती आणि मी भाजीत मीठ घातलं का याचा विचार करत होते. आता काही आठवडे उलटलेत. लोक विचारतात, सावरलात का? सावरायला आधी कोसळावं लागतं, आणि मी काही कोसळले नाही. झोपेत हात अंगाखाली येऊन बधिर होतो ना, तसं आहे. हात आपलाच असतो, पण दुसऱ्या हाताने उचलावा लागतो.

आमचे वडील खडकीच्या दारूगोळ्याच्या कारखान्यात होते. क्वार्टरच्या दोन खोल्यांतून ताई पुण्याच्या सरकारी मेडिकल कॉलेजात गेली, घराण्यातली पहिली डॉक्टर झाली आणि परत येऊन खडकी बाजारातच दवाखाना थाटला. लग्न केलं नाही. कुणी कारण विचारलं तर "राहून गेलं" म्हणायची, जसं काही दळण आणायचं राहिलं होतं. बोलणं अस्सल पुणेरी. मोबाइलवर वाचून आलेल्या पेशंटला ती म्हणायची, "निदान तुम्ही केलंच आहे. मी काय नुसती सही करू?" तरी माणसं तिच्याकडेच यायची. मला वाटतं, ती खोटा धीर देत नाही याचाच त्यांना धीर वाटायचा.

हिवाळ्यात तिला कॅन्सर निघाला. रिपोर्ट तिने स्वतःच वाचला, आम्हाला समोर बसवलं आणि म्हणाली, "पुढचा हिवाळा काही दिसत नाही. चहा घेणार का?" ... मित्रा त्या वेळी मेडिकलच्या प्रवेश परीक्षेच्या, नीटच्या अभ्यासात गळ्यापर्यंत बुडालेली होती. ती उठून आत गेली, चहा तिनेच केला.

निकाल लागला आणि मित्राला इतका वरचा रँक मिळाला की आमच्या घराचं मार्गदर्शन केंद्र झालं. मार्क बेताचे असते तर कुणी फिरकलं नसतं. आता ज्याला त्याला मत होतं. कुणी म्हणे दिल्ली, कुणी म्हणे मुंबईशिवाय दुसरं नावच काढू नका, कुणी म्हणे मुलीची जात आहे, लांब नको. माझ्या नवऱ्याने लॅपटॉपवर तक्ता केला, त्यात हॉस्टेलच्या मेसपर्यंत रकाने. पसंतीक्रम ऑनलाइन भरायचा असतो. ज्या क्रमाने कॉलेजं टाकाल त्याच क्रमाने बघितलं जातं, आणि वरचं मिळालं की खालचं सगळं निकालात. मित्राचा रँक असा होता की पहिलं जे टाकेल तेच मिळणार, हे उघड होतं. म्हणजे क्रम कसला, एकाच ओळीचा प्रश्न. मुंबईचं ते जुनं नामांकित कॉलेज, की पुण्यातलं ताईचं.

ताईचा या बाबतीतला नियम अख्ख्या खडकीला पाठ होता. पेशंटांची मुलं बारावीनंतर पेढे घेऊन आली की ती ऐकवायची, "आधी हवं ते टाकायचं. सोयीचं, जवळचं, लोक काय म्हणतील ते, सगळं त्याच्याखाली." मित्राने मुंबईच टाकावी असं तिचं ठाम मत होतं. "तिथे तुझ्यापेक्षा हुशार पोरं भेटतील. इथे राहिलीस तर खडकीतली हुशार मुलगी म्हणूनच म्हातारी होशील." मित्रा म्हणाली, "मग मला हवं तेच टाकते. पुणे." ताईने तिच्याकडे चष्म्यावरून बघितलं. "हवं म्हणून टाकतेस, की मी मरतेय म्हणून?" आमच्या घरात असं कुणी विचारत नाही आणि विचारलं तर कुणी उत्तर देत नाही.

मग ताईने जे केलं ते तीच करू जाणे. अंगात त्राण नसताना रिक्षा बोलवायला लावली आणि आम्हा दोघींना घेऊन स्वतःच्या कॉलेजच्या हॉस्पिटलात गेली. इथली गर्दी, ओल आलेल्या भिंती, जमिनीवर अंथरलेल्या गाद्या दाखवून कॉलेज पोरीच्या मनातून उतरवायचं, असा तिचा बेत. ओपीडीच्या बाकावर आम्ही बसलो. रांग हलत होती, तुंबत होती, मुलं केसपेपर हातात घेऊन धावत होती. ताई दाखवत होती उणिवा, आणि दाखवता दाखवता तिचा आवाजच बदलत गेला. या जिन्यावर तिने पहिल्यांदा एकटीने पेशंट उचलला होता, त्या खिडकीपाशी परीक्षेआधी रडली होती. शेवटी शवविच्छेदनाच्या हॉलकडे बोट करून म्हणाली, "तिथे आमच्या टेबलावर एक आजोबा होते. बेवारस. वर्षभर त्यांनी मला शिकवलं, नाव काही कळलं नाही. देहदानाचा फॉर्म भरलाय मी, इथलाच. फिटंफाट." मी बाकावरून उठून पाणी प्यायला गेले. परत आले तेव्हा मित्रा त्या हॉलच्या दाराकडे बघत होती, आणि मला कळलं की ताईचा डाव तिच्यावरच उलटला. मुंबई त्याच बाकावर संपली.

मित्राने पुणे पहिलं टाकलं आणि कुणाला न विचारता लॉक केलं. ताईला सांगितलं तेव्हा ती चिडली, मग हसली, मग पाठ करून झोपली. मला वाटलं, तिने हात टेकले. पण यादी लागली, पुणे मिळालं, आणि त्याच दुपारी तिने मला एकटीला बोलावून घेतलं. उशाशी दुसऱ्या एका मेडिकल कॉलेजचा देहदानाचा फॉर्म होता. शहराच्या पार बाहेरचं, दापोडीच्याही पलीकडचं कॉलेज, जिथे ती आयुष्यात एकदाही गेली नसेल.

"जवळची नातेवाईक म्हणून इथे तुझी सही लागेल," ती म्हणाली.

"आणि तुझं कॉलेज?"

"ती तिथे असणार. मीही तिथे. सकाळी चादर बाजूला करायची आणि मावशी... नको. पोर शिकायला चाललीये."

"तिला सांगू?"

"अजिबात नाही. तिला वाटेल, तिच्यामुळे केलं."

"मग कुणामुळे केलंस?"

"तिच्यामुळेच. म्हणून तर सांगू नकोस. कर सही."

मी सही केली. हवं ते आधी टाकायचं असं साऱ्या गावाला सांगणाऱ्या बाईने स्वतःच्या बाबतीत मात्र दुसरं टाकलं, आणि वर मलाच म्हणाली, "अक्षर काय गं तुझं हे, डॉक्टर व्हायला हवी होतीस."

मित्राचं कॉलेज सुरू व्हायला थोडेच दिवस असताना ती गेली. घरात आम्ही त्रिशरण-पंचशील म्हटलं, शेजारच्या बायका रडल्या, दवाखान्यासमोरचा फळवाला चपला काढून उभा राहिला. देहदानात फार वेळ ठेवता येत नाही, म्हणून सगळं भराभर झालं. गाडीत मी आणि मित्रा, मधे ताई. खडकीतून हायवेला लागताना गाडी शहराकडे न जाता दापोडीच्या दिशेने वळली. मित्राने काचेतून बघितलं.

"आई, ड्रायव्हर चुकला."

"नाही चुकला," मी म्हटलं.

तिने माझ्याकडे बघितलं. मला काही सांगावं लागलं नाही, आणि सांगताही आलं नसतं. बराच वेळ ती चादरीची कड नीट करत राहिली. मग अगदी हलक्या आवाजात म्हणाली, "मी मुंबई टाकली असती, तर मावशी तिच्या कॉलेजात गेली असती." ताई असती तर काहीतरी तिरकस बोलून मोकळी झाली असती. मी नुसता मित्राचा हात धरला. त्या कॉलेजात पोचल्यावर दोन माणसं स्ट्रेचर घेऊन आली, आमच्याकडून कागद घेतले, नमस्कार केला आणि ताईला आत घेऊन गेली. दार बंद झालं. अस्थी नाहीत, राख नाही. काहीतरी मोठं तुटलं एवढं कळलं, पण दुखलं नाही. अजूनही दुखत नाही, आणि याचीच मला भीती वाटते.

मित्राचं कॉलेज आता सुरू झालंय. पहिल्या दिवशी त्या हॉलमध्ये सगळ्यांनी हात जोडून शपथ घेतली, टेबलांवर फुलं वाहिली. संध्याकाळी घरी आली ती सरळ बेसिनपाशी, कितीतरी वेळ हात धूत होती. मी पोळ्या लाटत होते. ती येऊन ओट्याला टेकली. म्हणाली, "आमच्या टेबलावर एक आजी आहेत. मला माहीत होतं, आई, तरी मी आधी चेहराच बघितला."

मी लाटणं थांबवलं नाही. थांबवलं असतं तर काय झालं असतं, माहीत नाही.

थोड्या वेळाने तिने विचारलं, "मावशीच्या टेबलावर जी मुलं असतील, त्यांनी तरी ते कॉलेज पहिलं टाकलं असेल का गं?"

"एखाद्याने असेल," मी म्हटलं, आणि पोळी तव्यावर टाकली.