लेकीचं फंक्शन

बस डेपोतून निवृत्त झालेल्या फिटरकाकांना जगात एकाच प्रश्नाचा धसका होता: 'तुमची लेक नेमकं करते काय?' विचारणारा बहुतेक वेळा त्यांचा मेहुणाच. त्याचा मुलगा दातांचा डॉक्टर, त्यामुळे त्याला एका शब्दात सांगून मोकळं होता येई. काकांची गाडी मात्र 'कॉम्प्युटरमध्ये आहे' याच्यापुढे सरकत नसे. लेकीवर जीव टाकणाऱ्या बापाला हे फार लागे.

अशात लेकीचा फोन आला, "बाबा, आज संध्याकाळी माझं फंक्शन लायब्ररीत घेणार आहेत." काकांनी पुढचं ऐकलंच नाही. लेकीचा सत्कार म्हटल्यावर बाप घरी बसतो होय? इस्त्रीचा शर्ट चढवला, काकूंना घाई करकरून तयार केलं, मेहुण्याला मुद्दाम बरोबर घेतलं आणि तिघंही कोपऱ्यावरच्या वाचनालयात हजर.

तिथे ग्रंथपाल बाई खिडक्या लावत होत्या. "इथे कसलं फंक्शन? मी आता बंदच करतेय."

मेहुणा मिशीतल्या मिशीत हसला. काकांनी तावातावाने लेकीला फोन लावला, सगळ्यांना ऐकू जावं म्हणून स्पीकरवर.

"अगं, आहेस कुठे? आम्ही लायब्ररीच्या दारात उभे आहोत."

पलीकडे लेक हसतच सुटली. "अहो बाबा, पुस्तकांची नाही. प्रोग्रॅम लिहायला लागणारे तयार तुकडे एकत्र ठेवतात, त्याला आम्ही लायब्ररी म्हणतो. आमची जगभर वापरतात. पण आत काय काय आहे, तेच कुणाला धड कळायचं नाही. मी लिहिलेलं फंक्शन, म्हणजे असाच एक तुकडा, चालवलं की आतल्या सगळ्या वस्तूंची नावं समोर येतात. एवढंच."

"एवढंच?" काका म्हणाले.

डेपोच्या स्टोअरला एक खिडकी होती. आत जायची सोय नाही. पार्टचं नाव सांगितलं तरच तो मिळायचा, नाव चुकलं की स्टोअरवाला 'नाही' म्हणून हात झटकायचा. माल आत पडून आणि बस बाहेर उभी, असे किती दिवस काकांनी शिव्या घालत काढले होते.

"म्हणजे तू स्टोअरचं दार उघडलंस की गं," काका म्हणाले.

"हो बाबा. आणि आता ते कुणी बंद करणार नाही."

फोन ठेवल्यावर मेहुण्याने विचारलं, "मग फंक्शन नाहीच म्हणायचं?"

"आहे की," काका म्हणाले. "नाव ठाऊक नाही म्हणून जगात जो कोणी अडून बसला असेल, त्याच्याकडे माझ्या लेकीचं फंक्शन चालू आहे. बोलावणं लागत नाही."

बाई कुलूप घेऊन बाहेर आल्या. काकांनी त्यांनाही थांबवलं आणि सगळं पहिल्यापासून पुन्हा सांगितलं.