डब्ल्यूपीवाले शमुवेलमामा

आमच्या स्वयंपाकघराची खिडकी आणि शमुवेलमामांचा ओटा यांच्यामध्ये फक्त एक अरुंद बोळ होता. नगरला त्या घरात राहायला गेले आणि पहिल्याच आठवड्यात कुकर लावला, तर ओट्यावरून आवाज आला, "ताई, पानी कमी घातलंय. शिटी कोरडी वाजतीय." कोण हा आगाऊ म्हातारा, असं म्हणत मी हसले. झाकण उघडलं तर डाळ तळाला लागलेली. त्यानंतर मी हसले नाही.

शमुवेल ओहोळ ऐंशीच्या पुढचे होते. रेल्वेत आधी कोळसा टाकला, मग ड्रायव्हर झाले. दौंड-मनमाड मार्गावर वाफेची इंजिनं होती तोवर त्यांची ड्यूटी बहुतेक डब्ल्यूपीवर असे. डिझेलही त्यांनी पुष्कळ वर्षं चालवलं, पण त्याबद्दल विचारलं तर म्हणायचे, "ती बस हो. बसायचं नि हाकायचं." डब्ल्यूपीचं नाव काढलं मात्र की पाठ ताठ व्हायची. "डब्ल्यू म्हंजे रुंद रूळ, पी म्हंजे पॅसेंजर. माल वढनारं जनावर न्हाई ते. मानसं न्यायला जन्मलेलं इंजान."

त्या इंजिनाचा इतिहास ते घरातल्या थोरल्या माणसाचा सांगावा तसा सांगत. स्वातंत्र्याच्या सुमाराला पहिली इंजिनं अमेरिकेहून बोटीतून आली. मग आणखी दोन-चार देशांतून आली, आणि पुढं आपल्याच चित्तरंजनला बनू लागली. "आपला कोळसा कसला? निम्मी राख! साहेबाची जुनी इंजनं त्यो खाऊन खोकायची. ही बाई मातर राख खाऊन मेल वढायची." समोर बंदुकीच्या गोळीसारखं नाक, त्यावर चांदणी. मेलगाड्यांवर डिझेल आलं तेव्हा तिला पॅसेंजरवर टाकलं, आणि शेवटी भंगारात. हा भाग ते एका वाक्यात उरकत आणि चहा मागत.

त्यांचं आवडतं वाक्य होतं, "इंजान कानानं चालवायचं. डोळं निस्तं साक्षीला." हे वाक्य ते इतक्या वेळा म्हणत, की त्यामागं काय दडलंय हे कळायला मला वेळ लागला. मामांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकले होते. त्यांची लेक पुण्याला असे. तिच्या सांगण्यावरून मी त्यांना डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं. डॉक्टर म्हणाले, ताबडतोब ऑपरेशन करा. मामा म्हणाले, "इंजान निघू द्या, मग बघू."

हे इंजिन म्हणजे भंगाराच्या लिलावातून हौशी लोकांच्या एका मंडळानं सोडवलेली एक डब्ल्यूपी. गोदावरीकडच्या भागात एक बंद पडलेला साखर कारखाना आहे. त्याच्या सायडिंगवर, म्हणजे कारखान्यापासून स्टेशनकडे जाणाऱ्या जुन्या रुळांवर, तिची दुरुस्ती चालली होती. दुरुस्तीची सगळी जबाबदारी राहात्याच्या पल्लवी नावाच्या इंजिनियर मुलीवर होती. मामा दर शनिवारी बसनं तिकडे जायचे. पल्लवी त्यांना बाबा म्हणायची आणि त्यांच्याशी कडाकडा भांडायची. घरी आले की मामा म्हणत, "लई हट्टी बाई हाय. पन हात चांगला हाय तिचा."

उद्घाटनाच्या दिवशी इंजिन मामाच चालवणार होते, मी त्यांच्याबरोबर गेले होते. लेकीनं बजावलं होतं, त्यांना एकटं सोडू नका. इंजिनाला हिरवा रंग दिला होता, नाकावरची चांदणी झळकत होती. मागं एकच डबा, त्यात शाळेची मुलं, शिक्षक आणि पाहुणे. बाहेर मांडव, लाऊडस्पीकर, हार. मला इंजिनातच मागच्या कोपऱ्यात उभं राहायला जागा मिळाली.

पण सकाळीच एक अडचण झाली होती. बॉयलरमध्ये पाणी किती आहे हे दाखवणाऱ्या दोन काचनळ्या असतात. त्यांतली उजवीकडची तडकली, म्हणून तिच्या तोट्या बंद करून टाकल्या. पल्लवीचं म्हणणं, आज गाडी काढायची नाही. मंडळाचे अध्यक्ष कळवळले, "अहो, पाहुणे येऊन बसलेत!" सगळ्यांनी मामांकडे पाहिलं.

"एका काचंवर मी मनमाड गाठलंय," मामा म्हणाले. "चला."

पल्लवीला त्यांचा शब्द मोडवला नाही.

गाडी निघाली. शिट्टी झाली तेव्हा डब्यातून मुलांनी जो कल्ला केला, तो ऐकून मामांचा चेहरा असा काही फुलला की मी रडायच्या बेतात होते. कोळसा टाकायला अशोकभाऊ होते, साखर कारखान्यांच्या बॉयलरवर आयुष्य काढलेले. सायडिंगच्या टोकापर्यंत एक फेरी झाली, परत आलो, दुसरी सुरू झाली. मामांनी बॉयलरमध्ये पाणी ढकलणारा इंजेक्टर सुरू केला. तो सुरू झाला की एका सुरात गातो. मामा मान डोलवत होते.

दुसऱ्या फेरीच्या अर्ध्यावर पल्लवी काचनळीजवळ वाकली. पुसून पाहिलं. पुन्हा वाकली.

"बाबा, पाणी दिसत नाहीये."

"काच भरलीय म्हनून दिसत न्हाई."

हे खोटं नव्हतं. काठोकाठ भरलेली काचनळी आणि पार रिकामी काचनळी सारख्याच दिसतात, पाण्याची रेघ दोन्हींत नसते. फरक एवढाच, की भरलेली असेल तर चिंता नाही. रिकामी असेल तर भट्टीवरचं छत, जे कायम पाण्याखाली असायला हवं, ते उघडं पडत चाललेलं असतं. ते तापून खाली बसलं तर इंजिनात उभी असलेली माणसं राहत नाहीत, आणि लगतच्या डब्यातल्यांचंही सांगता येत नाही.

"मला रिकामी वाटतेय. गाडी थांबवा."

"पोरी, इंजेक्टर गातोय. ऐकू येत न्हाई का तुला? पानी जातंय आत."

"गातोय, पण पाणी कुठं जातंय ते मला माहीत नाही. थांबवा."

"चाळीस वर्सं हे काम केलंय मी!" मामा ओरडले. त्यांचा आवाज चढलेला मी पहिल्यांदाच ऐकला. अशोकभाऊंचं फावडं हवेतच थांबलं. मागं मुलं गाणं म्हणत होती.

पल्लवी ओरडली नाही. ती त्यांच्या अगदी जवळ गेली आणि हळू विचारलं, "बाबा, तुम्हाला काच दिसतेय का?"

 मामांचा हात रेग्युलेटरवर, म्हणजे वाफ सोडायच्या दांड्यावर होता. त्या हाताच्या शिरा मला अजून दिसतात. इंजिन चालतच होतं. हो म्हणणं किती सोपं होतं! बाहेर मांडव होता, हार होते, आणि ज्या इंजिनासाठी हा माणूस शेवटची कितीतरी वर्षं जगला ते त्याच्या हाताखाली धावत होतं.

"न्हाई," मामा म्हणाले. "काच दिसत न्हाई. तुझं तोंडबी दिसत न्हाई."

आणि त्याच दमात त्यांनी वाफ बंद केली, ब्रेक लावला. पल्लवीनं काचनळीखालची तोटी उघडली. पाण्याचा एक थुंकीएवढा शिंतोडा उडाला आणि मग नुसती वाफ फसफसत राहिली.

"रिकामी," ती म्हणाली. 

"आता पानी घालू नगा कुनी! तापल्या पत्र्यावर न्हाई!" मामांचा आवाज एकदम शांत झाला होता. "अशोक, आग खाली टाक. पोरी, इंजेक्टर बंद कर. ताई, तुमी उतरा, डब्यातली पोरं लांब न्या. पळू देऊ नगा, चालत न्या."

अशोकभाऊंनी भट्टीची जाळी उलटवली. लालभडक निखारे खालच्या राखेच्या पेटीत कोसळल्याचा आवाज ऐकत मी उतरले. मुलांना शेतातून बांधाच्या पलीकडे नेलं. मागं वळून पाहिलं तर पल्लवी आणि अशोकभाऊ उतरत होते. मामा सगळ्यांत शेवटी, पायरी पायानं चाचपत.

काही झालं नाही. तासाभरानं वाफेचा दाब उतरला. दुसऱ्या दिवशी बॉयलर थंड झाल्यावर पाहिलं, तर इंजेक्टरच्या पुढच्या नळीचा जोड सुटला होता आणि बरंचसं पाणी रुळांवर सांडत होतं. भट्टीच्या छतात शिशाचं एक बूच असतं, धोक्याला वितळणारं. ते कडेनं मऊ पडू लागलं होतं.

पण त्या दिवशी हे कुणाला ठाऊक नव्हतं. मांडवात पाहुणे चिडलेले. अध्यक्षांनी माइक घेऊन सांगितलं, की आमच्या इंजिनियरबाई जरा घाबरल्या, त्याबद्दल क्षमस्व. पल्लवी काळ्या हातांनी मान खाली घालून उभी होती. मामा माझा दंड धरून म्हणाले, "मला तिथं न्या."

त्यांनी माइक मागितला नाही, घेतला.

"घाबरली ती न्हाई. चुकलो ते मी. मला दिसत न्हाई, आन मी दिसतंय म्हनून बसलो. माझ्या मानापायी तुमची पोरं आज गेली असती. हार घालायचा तर तिला घाला. मला घरी जाऊ द्या."

 मी त्यांना हाताला धरून मांडवाबाहेर आणलं.  परतीच्या वाटेवर राहुरी गेल्यावर मामा म्हणाले, "डॉक्टरला सांगा, कवाबी करा म्हनावं ऑपरेशन."

दोन्ही डोळ्यांची ऑपरेशनं झाली. त्यानंतर ते वर्षभर होते, आणि ते वर्ष चांगलं गेलं. गेल्या उन्हाळ्यात एका दुपारी खाटेवर पडल्या पडल्या गेले. इंजिन दुरुस्त होऊन दोनदा धावलं, दोन्ही वेळा ते डब्यात खिडकीशी बसले. चालवायला या म्हटलं तर हात जोडायचे.

पण मला आठवतो तो ऑपरेशननंतरचा पहिला रविवार. चर्चहून येऊन मामा ओट्यावर बसले होते आणि पल्लवी त्यांना भेटायला आली. बोळाच्या तोंडाशी स्कूटर लावून, खांद्याला पिशवी, केसांची वेणी, अशी ती पुढं येऊन उभी राहिली. मामांनी विचारलं, "कोन पायजे बाळ?"

"बाबा, मी. पल्लवी."

मामा उठले. तिच्याकडे पाहत राहिले. कपाळ, नाक, हनुवटीवरचा भाजल्याचा जुना डाग, सगळं सावकाश पाहिलं. इतकी वर्षं दर शनिवारी ते तिच्याशी भांडत होते.

"तू येवढीशी हायेस व्हय?" ते म्हणाले. "मला वाटलं, चांगली चाळिशीची बाई आसंल. येवढ्याशा पोरीवर वरडलो मी?"

"लई वरडलात," पल्लवी म्हणाली, आणि दोघंही ओट्यावर बसून रडायला लागली. मी कुकर बंद केला आणि चहा ठेवला.